नवी डिस्क, जुना पत्ता

दुकानाच्या गल्ल्याशेजारी किंवा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे निमूटपणे चालणारा संगणक एके दिवशी उघडायला पाच मिनिटे घेऊ लागतो आणि आतून मधूनमधून ‘टक्-टक्’ असा आवाज येतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क हे अखेर फिरते यंत्र आहे. त्याची झीज होणारच. अशा वेळी प्रथम हिशेबाच्या फायली आणि घरातील छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. स्थलांतराचा विचार त्यानंतर.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ थांबले. पुढची आवृत्ती न पेलणाऱ्या जुन्या संगणकांसाठी लिनक्स हा एक चांगला आसरा आहे. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ज्याच्या गाभ्याची सुरुवात केली, ते लिनक्स मोफत तर आहेच. शिवाय उबुंटूसारख्या त्याच्या आवृत्त्यांना परवान्याची किल्ली लागत नसल्याने बसवलेली प्रणाली जशीच्या तशी उचलून नव्या डिस्कवर नेता येते. छपाईयंत्राची जोडणी, मराठी कळफलक, बसवलेले प्रोग्राम, सारे काही सोबत येते. मात्र ‘उचलून नेणे’ हा शब्द जितका सोपा, तितके ते काम सोपे नाही.

मार्ग दोन. पहिला, संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल. क्लोनझिला हे मोफत साधन पेनड्राइव्हवरून सुरू करून ती करता येते. ‘डीडी’ ही जुनी आज्ञाही तेच करते. दोन्हींत नवी डिस्क सहसा जुनीइतकी किंवा मोठी असावी लागते. डीडीला मात्र मुलाहिजा ठाऊक नाही. कोठून आणि कोठे, ही दोन नावे उलटी पडली, तर ती एक प्रश्नही न विचारता कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवते. एसडीए आणि एसडीबी यांत एका अक्षराचाच फरक. तोही प्रत्येक वेळी तसाच राहील असे नाही. म्हणून ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने डिस्कचा आकार, मॉडेल आणि अनुक्रमांक पाहून कागदावर लिहून घ्यावा. आणि डिस्क टकटकत असेल, तर डीडीऐवजी ‘डीडीरेस्क्यू’ वापरावे. डीडी वाचनातील पहिल्याच अडथळ्याशी थांबते; डीडीरेस्क्यू चांगला भाग आधी उचलते आणि खराब भागाकडे नंतर वळते.

दुसरा मार्ग फायलींच्या नकलेचा. नवी एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा लहान असेल, तर हाच सोयीचा. त्यासाठी ‘आरसिंक’ वापरतात, कारण फायलीचा मालक कोण आणि ती उघडण्याचा अधिकार कोणाला, या नोंदीही ते जपते. प्रणाली चालू असताना मात्र ही नक्कल घेऊ नये. व्यवहार चालू असताना रोकड मोजली, तर ताळा कसा जुळेल? पेनड्राइव्हवरील लिनक्स सुरू करून, दोन्ही डिस्क स्वस्थ असताना काम करावे.

खरी गोम यापुढे आहे. बँकेची शाखा नव्या इमारतीत हलवताना खतावण्या आणि तिजोरी नेली, पण पत्ता बदलल्याचे कोणाला कळवलेच नाही, तर टपाल जुन्याच दारी जाणार. लिनक्समध्ये डिस्कच्या प्रत्येक विभागाला यूयूआयडी नावाचा ओळखक्रमांक असतो: ३२ आकडे-अक्षरे आणि मध्ये चार आडव्या रेघा. कोणता विभाग कोठे जोडायचा, हे ‘एफएसटॅब’ या फायलीत याच क्रमांकाने लिहिलेले असते. संगणक सुरू करणाऱ्या ‘ग्रब’च्या यादीतही तोच असतो. फायलींची नक्कल केली, तर नव्या विभागाचा क्रमांक नवा, पण या दोन्ही ठिकाणची नोंद जुनी. एफएसटॅबमध्ये नवा क्रमांक लिहावा, ‘सीएचरूट’ने नव्या प्रणालीत शिरून ग्रब पुन्हा बसवावे आणि त्याची यादी नव्याने तयार करावी. अलीकडच्या यूईएफआय संगणकांत सुरुवातीची एक नोंद डिस्कवर नव्हे, तर मदरबोर्डच्या स्मृतीत असते. तीही नव्याने करावी लागते.

ही दुरुस्ती राहून गेली आणि दोन्ही डिस्क जोडलेल्याच असल्या, तर घात होतो तो गुपचूप. संगणक झटकन सुरू होतो, सर्व फायली दिसतात, घरातील मंडळी समाधान पावतात. प्रत्यक्षात तो जुन्याच डिस्कवरून चालत असू शकतो. हुबेहूब नकलेत तर दोघींचे ओळखक्रमांक एकच. प्रणाली कोणती उचलेल, याचा भरवसा नाही. महिनाभराचे हिशेब जुन्या डिस्कवर लिहिले जातात आणि मग ‘आता हिचे काय काम’ म्हणून तीच पुसली जाते.

म्हणून एकच परीक्षा घ्यावी. संगणक बंद करून जुन्या डिस्कची तार काढावी आणि तो पुन्हा सुरू करावा. सुरू झाला नाही, तरी बिघडले काहीच नाही. जुनी डिस्क जशीच्या तशी आहे. सुरू झाला, तर दोन-चार जुनी छायाचित्रे आणि गेल्या वर्षीचा एखादा हिशेब उघडून पाहावा, छपाईयंत्रावर एक कागद काढावा. त्यानंतर जुन्या डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवून ती महिना-दोन महिने कपाटात ठेवावी. भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी ती नीट पुसलेली असावी. नुसत्या डिलीट केलेल्या फायली पुष्कळदा परत मिळवता येतात, आणि त्यांत पासबुकांच्या, पॅन कार्डाच्या प्रतीही असतात.