चिनी काढा, आतड्यातले जिवाणू आणि अर्ध्या पानाची जाहिरात

पोस्ट मोठी आहे, पण वाचा. घरात शुगरचा पेशंट असेल तर नक्कीच वाचा.

गेल्या आठवड्यात एक जाहिरातवाले ऑफिसला आले. अर्ध्या पानाची जाहिरात आणि सोबत 'बातमी' म्हणून छापायला तयार मजकूर. चीनच्या हजारो वर्षांच्या वैद्यकातली वनस्पती आहे, ती आतड्यातले चांगले जिवाणू वाढवते, त्यामुळे शुगर, संधिवात, विसराळूपणा सगळं मुळापासून जातं! मी विचारलं, चाचणी कुठे झाली? म्हणाले, "साहेब, सायन्सनेच सिद्ध केलंय, नेटवर बघा की."

बघितलं. पण त्याआधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी अशीच एक जाहिरात आमच्याकडे बातमीसारखी छापून आली होती. मजकुरावरून हात मीच फिरवला होता. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी ते कात्रण जपून ठेवलं, पावडर मागवली आणि शुगरच्या गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळली तेव्हा घरच्यांना कळलं. दोन बोटं काढावी लागली. काका मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणून या वेळी चार रात्री बसून वाचलं.

आधी चीनची बाजू सांगतो, कारण ती पोकळ नाही.

चौथ्या शतकात गे होंग नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने तातडीच्या उपायांचं एक छोटं पुस्तक लिहिलं, बाहीत ठेवून कुठेही नेता येईल असं. आपल्या आजीबाईच्या बटव्यासारखंच. त्यात विषबाधा आणि जीवघेण्या जुलाबावर एक उपाय आहे, निरोगी माणसाची विष्ठा पाण्यात कालवून रुग्णाला पाजायची. किळस आली ना? पुढे चिनी वैद्य याला 'पिवळं सूप' म्हणत.

आता २०१३ मध्ये या. नेदरलँड्समध्ये एक चाचणी झाली. अँटिबायोटिक्सच्या माऱ्यानंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू काहींच्या आतड्यात माजतो आणि जुलाब पुन्हा पुन्हा उलटतात. अशा १६ रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचं द्रावण नळीतून दिलं. १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले. नुसतं व्हँकोमायसिन हे औषध दिलेल्या १३ पैकी ४ बरे झाले. फरक इतका की चाचणी मुदतीआधीच थांबवली. आज अमेरिकेत या उपचाराची मान्यताप्राप्त औषधं आहेत.

गे होंगच्या त्याच पुस्तकात हिवतापावर छिंगहाओ नावाच्या झुडपाचाही उपाय आहे. यूयू तू या संशोधक बाईंच्या गटाने २००० च्या वर जुने नुस्खे तपासले, सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर वापरून पाहिले. छिंगहाओचा अर्कही आधी नीट चालेना. मग पुस्तकात पुन्हा डोकं घातलं तर तिथे उकळायला सांगितलेलंच नव्हतं, पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं. उष्णतेने गुण जात असावा, हे त्यांनी ओळखलं आणि कमी तापमानाला अर्क काढला. माणसांवर आधी स्वतःच घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ मध्ये नोबेल.

म्हणजे जुन्या ज्ञानाला मान द्यायचा तर तो असा, तपासून. त्या ३८० अर्कांमागेही तीच थोर परंपरा होती, तरी बहुतेक अपुरे पडले. हे जाहिरातीत कोणी लिहित नाही.

आता जिवाणूंचं. आतड्यातल्या जिवाणूंचा आणि आजारांचा संबंध आहे, यात वाद नाही. पण संबंध म्हणजे कारण का? २०१२ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी ३४५ जणांचे नमुने तपासून दाखवलं की टाइप टू डायबेटिसवाल्यांचे जिवाणू वेगळे असतात. मोठं काम होतं. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने हे आणि युरोपातले नमुने एकत्र पाहिले, तर त्या फरकाचा बराचसा भाग मेटफॉर्मिनच्या गोळीमुळे होता! शुगरवाले जी गोळी रोज घेतात, तीच जिवाणू बदलत होती. गोळीची खूण आजाराची खूण समजली गेली. नामवंत शास्त्रज्ञांची अशी गल्लत होऊ शकते, तर पावडर विकणाऱ्याचं काय घेऊन बसलात?

आणि चांगलं उदाहरणही चीनचंच. तिथल्या परंपरेत जुलाबावर वापरल्या जाणाऱ्या हुआंगल्येन या मुळीत बर्बेरिन असतं. आपल्या दारुहळदीतही तेच असतं. २०२० मध्ये नव्याने डायबेटिस झालेल्या ४०९ चिनी रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांत बर्बेरिन घेणाऱ्यांची एचबीएवनसी ०.९९ ने उतरली, आणि त्यात आतड्यातल्या जिवाणूंचाही वाटा दिसला. छान! पण खोटी गोळी घेणाऱ्यांचीही ०.५९ ने उतरली. आणि नुसते 'चांगले जिवाणू' घेणाऱ्यांची? ०.५३. म्हणजे खोट्या गोळीइतकीच.

हा आकडा पुन्हा वाचा. उद्या कोणी म्हणालं, "मला गुण आला," तर तो खोटं बोलत नसेल. गुण पथ्याने येतो, चालण्याने येतो, काळजी घेतोय या भावनेनेही येतो. म्हणूनच शेजारी खोटी गोळी ठेवून मोजावं लागतं.

आता आमच्या धंद्याबद्दल. डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करणं हा १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने गुन्हा आहे, आणि छापणाराही त्यातून सुटत नाही. तरी रोजच्या पेपरांत, लोकल केबलवर, व्हॉट्सॲपवर राजरोस चालू आहे. पत्रकार मित्रहो, 'जाहिरातीशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही बारीक ओळ टाकून आपण मोकळे होतो, पण वाचणारा ती ओळ वाचत नाही. तो आपला पेपर वाचतो.

बाकीच्यांना एवढंच. चिनी असो, आयुर्वेदिक असो की विलायती, तीन प्रश्न विचारा. किती माणसांवर तपासलं? शेजारी खोटी गोळी होती का? आणि चालू गोळ्या बंद करा, असं तर सांगत नाहीत ना? तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर तिथून उठा.

जाहिरात परत पाठवली. ते पैसे या महिन्यात लागणार होते, खोटं कशाला बोलू. काकांकडे जाऊन बोलायचं मात्र अजून बाकी आहे. या रविवारी जातो.