यंत्रे होती, मंच नव्हता

१/ ‘सिंथ आणि पोस्ट-पंक हे परकीय खूळ, मीरा-भाईंदरला त्याचे काय?’ असे विचारणाऱ्यांनी आधी मुंबईचाच इतिहास वाचावा.

२/ १९८२ साली चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या जपानी यंत्रांच्या साथीने दहा राग डिस्कोच्या ठेक्यात ध्वनिमुद्रित केले. शिकागोचे ‘अ‍ॅसिड हाऊस’ त्यानंतरचे. तरीही तबकडी खपली नाही. जगाने दखल घेतली ती २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर.

३/ उलट १९७८ साली मँचेस्टरच्या हल्म या कामगारवस्तीतील एका क्लबात ‘फॅक्टरी’ नावाने संगीतरात्री सुरू झाल्या. जॉय डिव्हिजन तेथे वाजले, तेव्हा त्यांचा एकही अल्बम निघालेला नव्हता.

४/ प्रतिभा दोन्हीकडे होती. चुकण्याची मुभा देणारा छोटा मंच एकीकडेच होता.

५/ मीरा-भाईंदर १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झाले. तरी येथील तरुणांनी नवे संगीत ऐकण्यासाठी चर्चगेट लोकलच धरायची आणि परतीच्या शेवटच्या गाडीसाठी अखेरचे गाणे सोडायचे? आवाजाचा बाऊ नको. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत बंदिस्त सभागृहांना रात्रीही सूट आहे. शंभर खुर्च्यांची एक खोली मागणे ही चैन नव्हे, नागरी हक्क आहे.