घरचीच कैरी, घरचेच हात



वळीव येतो तो वारा घेऊनच. सकाळी केसरच्या बागेत जावे तर झाडाखाली कैरीचा सडा. बाजारात नेली की आडत्या म्हणणार, मार लागलेला माल आहे. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता हाती काय उरते ते ज्याने त्याने आपापल्या पट्टीवर पाहावे. मग माजघरातला अडकित्ता निघतो. लोणचे, तक्कू, गुळांबा, साखरांबा. मालाची माती होऊ नये म्हणून घरची बाई दोन दिवस पाठ टेकत नाही.

नोव्हेंबर १९९१ मध्ये शेगावला शरद जोशींनी चार अंगांचा कार्यक्रम मांडला : सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती, निर्यातशेती. त्यातली माजघरशेती म्हणजे शेतातून निघालेला माल कच्चा विकायचा नाही, त्यावर घरातच काही प्रक्रिया करून मग बाजारात जायचे. कापूस, ऊस, तेलबिया, प्रत्येक मालात कच्चा माल भारतात पिकतो आणि त्याची किंमत इंडियात वाढते. ती वाढ गावात ठेवायची, एवढा साधा विचार होता. त्याचे पुढे काय झाले? माजघरशेती म्हणजे बायकांचे पापड-लोणचे, आणि पापड-लोणचे म्हणजे जत्रेतला स्टॉल, मंत्र्याच्या हस्ते फीत आणि 'भगिनींना प्रोत्साहन'!

छत्रपती संभाजीनगरला अशाच एका प्रदर्शनात मी एका बाईंना विचारले, "ताई, हा भाव कसा काढला?" तेल, मीठ, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, बरणी, सगळे त्यांना तोंडपाठ. कैरीचे किती धरले? "घरचीच कैरी." आणि मजुरी? "घरचेच हात." समोरून गिऱ्हाईक म्हणत होते, घरगुती आहे तर स्वस्त द्या.

चाकणच्या कांद्यापासून, म्हणजे १९८० पासून, आपण एकच गोष्ट सांगत आलो : शेतकऱ्याच्या घरच्या माणसांची मजुरी उत्पादन खर्चात धरली पाहिजे. सरकार ती पुरेशी धरत नव्हते म्हणून रस्त्यावर आलो, तुरुंगात गेलो. आणि आपल्याच माजघरात तीच मजुरी शून्य! छातीवर बिल्ला लावून बायकोच्या लोणच्याचा भाव असा काढणाऱ्या पाईकांनी (मीही त्यातलाच) जरा खाली मान घालावी.

हिशेब अवघड नाही. वीस किलो कैरी घ्या. आतली कोय, देठ, डागाळलेला भाग गेला की चौदा-पंधरा किलो फोडी राहतात. मीठ-मसाला-तेल पडून लोणचे पुन्हा वीस किलोच्या आसपास भरते. धुणे, पुसणे, फोडणे, कालवणे, भरणे मिळून तीन बायांचा एकेक दिवस धरा. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. तोच लावला तरी ९३६ रुपये, म्हणजे किलोमागे सुमारे ४७ रुपये. यात कसब धरलेले नाही. मार लागलेली फोड मऊ पडते, ती वेचून बाजूला काढावी लागते. पाण्याचा एक थेंब राहिला तर बुरशी येते. तेल फोडींच्या वर राहिले पाहिजे. हे ज्ञान खड्डे खणण्याच्या दराने मोजायचे, तेही आपण मोजत नाही.

भांडवलाचेही पाहा. मुरांब्याला साखर एकदम घ्यावी लागते, आंब्याचे दिवस मोजके, पैसा वर्षभर बरणीत अडकतो. त्यापेक्षा कारळाची, जवसाची चटणी बरी. आज भाजली, कुटली, आठवड्यात विकली. आणि आपल्या मराठवाड्याचे येसर! पुण्या-मुंबईत कितीकांना ते नावानेही ठाऊक नाही. मराठवाड्यातून तिकडे गेलेली माणसे मात्र त्यासाठी गावाकडे निरोप धाडतात. हा बाजार आपण मोजलेलाच नाही.

सरकारबद्दल थोडक्यात. १९५५ चा फळ उत्पादन आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा. जॅममध्ये फळ किमान ४५ टक्के आणि विद्राव्य घटक ६८ टक्के हवेत, असे तो सांगे. बोटांत पाकाची तार पाहणाऱ्या बाईने लायसन कुठून आणावे? २०११ च्या नियमांनी बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपयांत नोंदणी दिली, हे बरे झाले. ती करून घ्यावी. लोणच्या-मुरांब्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेही बरे. पण छोटी बाई बरणी आणि लेबल करासह विकत घेते आणि तो कर तिला परत मिळत नाही. २०२० च्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवले होते. ज्यांना घ्यायचे त्यांनी घेतले. अनुदानावर यंत्र आले म्हणून मजुरी आपोआप हिशेबात येत नाही.

लक्ष्मीमुक्तीच्या वेळी गावातल्या शंभर घरांनी बायकांच्या नावे जमीन केली की तिथे सोहळा होई. आता जमीन नव्हे, निदान वही तरी तिच्या नावे करा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एका पदार्थाचा उत्पादन खर्च लिहून आणावा. कैरी बाजारभावाने धरा, सरपण किंवा गॅस धरा, फुकट गेलेली बरणी धरा, आणि हातांची मजुरी सगळ्यात वरच्या ओळीत लिहा. कागद बाईने स्वतः वाचायचा आहे. नवऱ्याने वाचलेला चालणार नाही.