पैसे येतात, पण कुठून? सेबीच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

महोदय,



हे पत्र मी ठाण्यातल्या कोलशेतहून लिहितो आहे. इथल्या नव्या संकुलांमध्ये निवृत्तीचे पैसे गाठीला बांधून राहायला आलेली बरीच कुटुंबं आहेत. संध्याकाळी चार माणसं बसली आणि गुंतवणुकीचा विषय निघाला की इक्विटी फंडाची पारख एकाच वाक्यात उरकते: ‘लाखाला महिन्याकाठी सातशे सुटतात.’ सातशे सुटले म्हणजे फंड चांगला. आठशे सुटले तर आणखी चांगला. ते कशातून सुटले, हे कोणी विचारत नाही. विचारलं तरी उत्तर सापडेल असा मराठीतला कागद कोणाच्या हाती नसतो. त्यासाठीच हे पत्र.

महिना सातशे म्हणजे लाखाला वर्षाचे 8,400. शेअरमध्ये पैसे घालणाऱ्या फंडाला नियमित मिळकत मिळते ती प्रामुख्याने कंपन्यांच्या लाभांशातून. निफ्टीतल्या कंपन्यांचं डिव्हिडंड यील्ड, म्हणजे शेअरच्या भावाच्या तुलनेत लाभांश, गेली काही वर्षं सव्वा-दीड टक्क्याच्या आसपास आहे. म्हणजे लाखाला जेमतेम साडेबाराशे ते पंधराशे रुपये. आता रेग्युलर प्लॅनमधल्या एखाद्या फंडाचा खर्च पावणेदोन टक्के धरा. व्यवस्थापन शुल्क, वितरकाचं कमिशन, रजिस्ट्रारचा खर्च मिळून 1,750 रुपये गेले. लाभांशाची सगळी रक्कम खर्चातच संपली, वर अडीचशे-पाचशे कमी पडले. मग आमच्या शेजाऱ्यांच्या खात्यात आलेले 8,400 आले कुठून?

शेअर विकून आलेल्या नफ्यातून आले, नाहीतर त्यांच्याच मुदलातून. युनिट घेताना मोजलेल्या रकमेतला काही भाग ‘इक्वलायझेशन रिझर्व्ह’ या खात्यात जातो आणि पुढे तोही वाटपात येऊ शकतो. शिवाय जितकं वाटप होतं, तितकी एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, खाली येते. पन्नास रुपयांच्या युनिटवर चार रुपये हाती पडले की युनिट शेहेचाळीसचं होतं. आणि 1 एप्रिल 2020 पासून या संपूर्ण रकमेवर गुंतवणूकदाराला आपल्या टप्प्याप्रमाणे प्राप्तिकर लागतो. त्यात मुदलाचा भाग असला, तरी त्याला वेगळी सवलत नाही. हाच माणूस वाटप न करणारा ग्रोथ पर्याय घेऊन दरमहा गरजेपुरते युनिट विकत गेला, तर कर फक्त त्या युनिटांवरच्या नफ्यावर लागतो. वर्षभराने विकले तर साडेबारा टक्के, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या पुढच्या नफ्यावर. हे गणित पासष्टीच्या माणसाला कोणीतरी वेळेवर समजावून सांगायला हवं.

वाटलेले पैसे कुठून आले ते सांगणारा कागद अस्तित्वात आहे, तो म्हणजे योजनेचा वार्षिक अहवाल. त्यातला उत्पन्न-खर्चाचा हिशेब मी आवर्जून वाचतो, कारण त्या एका पानात फंडाचं खरं रूप दिसतं. वरच्या बाजूला मिळालेला लाभांश, व्याज, शेअर विकून पदरात पडलेला नफा आणि न विकलेल्या शेअरच्या भावात झालेली वाढ वा घट. खाली खर्च. लाभांश आणि व्याज यांची बेरीज करून तिला वर्षभराच्या सरासरी मालमत्तेने भागलं की फंडाचं स्वतःचं यील्ड निघतं. ते खर्चाच्या टक्क्याशेजारी ठेवा, मग गुंतवणूकदाराला वाटलेल्या रकमेशेजारी ठेवा. आकडेमोड चौथीतल्या मुलालाही जमेल. पण अहवाल इंग्रजीत, बारीक छपाईत, शेकडो पानांच्या फाइलमध्ये, आणि एकेका पानावर पाच-सहा योजनांचे रकाने शेजारी शेजारी. माझ्यासारख्या सवयीच्या माणसालाही आपली योजना शोधताना बोट ठेवून वाचावं लागतं.

आता याच्या एक पायरी खाली, फंडाने शेअर घेतलेल्या कंपन्यांच्या हिशेबाकडे जाऊ, कारण नुसता फंडाचा हिशेब वाचूनही भागत नाही. कोलशेत रोडला सँडोझबाग नावाचा भाग आहे. सँडोझचा रसायनांचा कारखाना इथे होता; 1995 मध्ये रसायनांचा धंदा वेगळा होऊन क्लॅरियंट कंपनी झाली. 2014 च्या सुमारास क्लॅरियंटने इथली जमीन हजार कोटींहून अधिक किमतीला लोढा समूहाला विकली. आज तिथे उंच टॉवर आहेत. क्लॅरियंट तेव्हा शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती. जमिनीचा पैसा आल्यावर भागधारकांना विशेष लाभांशही मिळाला. अशा वर्षी त्या शेअरचं यील्ड काढलं तर आकडा डोळे दिपवणारा येतो. पण कारखान्याची जमीन एकदाच विकता येते. नफा-तोट्याच्या पत्रकात तो नफा ‘अपवादात्मक बाब’ म्हणून वेगळ्या ओळीत दाखवलेला असतो. ती ओळ वगळून पाहिलं तरच रंग आणि रसायनं विकून कंपनी किती कमावते ते कळतं. आपण 2017 च्या वर्गीकरणात ‘डिव्हिडंड यील्ड फंड’ असा स्वतंत्र गट केलात. अशा फंडाने निवडलेल्या शेअरचं यील्ड धंद्यातून आलं की जमिनीतून, हे साध्या गुंतवणूकदाराला आज कुठेच एका नजरेत दिसत नाही.

वाटपाच्या आकड्यावर विसंबल्याची मोठी किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. युनिट ट्रस्टच्या यूएस-64 मध्ये ठाणे-डोंबिवलीच्या किती नोकरदारांची पुंजी होती! 1964 पासूनची योजना, दरवर्षी घसघशीत लाभांश. 1998 मध्येही 20 टक्के. एनएव्ही मात्र जाहीर होत नव्हती. जुलै 2001 मध्ये युनिटांची खरेदी-विक्रीच थांबवली गेली. पुढे एनएव्ही उघड झाली तेव्हा दहा रुपयांच्या युनिटमागची मालमत्ता सहा रुपयांच्याही आत निघाली. लाभांश वाटला जात होता तेव्हा राखीव निधी आटत चालला होता, आणि ते ताळेबंदात दिसण्यासारखं होतं. पण तो ताळेबंद किती युनिटधारकांपर्यंत पोचला असेल?

तेव्हापासून आपल्या मंडळाने पुष्कळ सुधारणा केल्या, त्याबद्दल मनापासून आभार. 2013 मध्ये वितरकाचं कमिशन नसलेले डायरेक्ट प्लॅन आले. पोर्टफोलिओ दरमहा जाहीर होतो. एप्रिल 2021 पासून लाभांश पर्यायाच्या नावातच भांडवल परत मिळत असल्याचा उल्लेख आला आणि खाते-पत्रकात वाटपाचे दोन भाग वेगळे दाखवणं बंधनकारक झालं: एनएव्हीच्या वाढीतला आणि भांडवलातला. पण पहिल्या भागात कंपन्यांचा लाभांश आणि शेअरविक्रीचा नफा एकत्रच राहतात. तेजीत विक्रीचा नफा भरपूर असतो, मंदीत तो आटतो. निवृत्त माणसाला नेमका हाच फरक कळायला हवा.

म्हणून विनंती अशी की, वाटपाच्या प्रत्येक सूचनेत तीन आकडे वेगळे छापावेत: खर्च वजा जाता लाभांश-व्याजातून किती, शेअर विकून किती, गुंतवणूकदाराच्या मुदलातून किती. पहिला आकडा शून्य असेल तर शून्य छापावा. आणि प्रत्येक योजनेच्या वार्षिक हिशेबाचं एक पान मराठीत, तसंच इतर भारतीय भाषांत, फंडाने स्वतः तयार करून पाठवावं. त्यात उत्पन्नाच्या चार ओळी, खर्चाची एकूण रक्कम, सरासरी मालमत्ता आणि त्यावरून काढलेलं यील्ड, एवढं पुरे. मोठा अहवाल इंग्रजीत राहू द्या.

हे नियमांशी विसंगत नाही. 1996 च्या नियमावलीनेच सहामाही निकाल जाहीर झाल्याची सूचना मुख्य कार्यालयाच्या प्रदेशातल्या भाषेच्या वृत्तपत्रात द्यायला लावली होती, आणि बहुतेक फंडांची कार्यालयं मुंबईत असल्यामुळे त्या सूचना मराठी दैनिकांत छापून येत असत. ‘म्युच्युअल फंड सही है’ची जाहिरातही 2017 पासून आमच्या घरात मराठीतून पोचते आहे. पैसे गोळा करताना जी भाषा चालते, तीच हिशेब देताना चालायला अडचण नसावी.

मार्चअखेरचे अहवाल जुलैअखेरपर्यंत प्रसिद्ध करायचे असतात. त्याआधी फंडांना परिपत्रक गेलं, तर पुढच्या अहवालासोबतच हे पान येऊ शकेल. नमुना ठरवायला गुंतवणूकदारांची मदत हवी असेल, तर कोलशेतमधून आम्ही काही जण यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक गुंतवणूकदार
कोलशेत, ठाणे (प.)