आमचं नाव आम्ही सांगू



स्वयंनिर्णय हा शब्द सभेच्या फलकावर लिहायला सोपा आहे. १९६० साली मराठी भाषेचं राज्य झालं ते याच शब्दाच्या बळावर, आणि बेळगाव-निपाणीचा मराठी माणूस आजही तोच धरून बसला आहे. पण वारज्याच्या खोलीतून पहिल्या पाळीला निघणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय? अमेरिकेतल्या काळ्या कामगारांची हकीकत ऐका, म्हणजे उमगेल.

तिथं पुलमन कंपनीच्या झोपायच्या रेल्वेडब्यांत काळे पोर्टर राबत. बिछाने घालायचे, बूट पुसायचे, रात्र रात्र जागायचं. आणि प्रवासी हाक मारीत ती सगळ्यांना एकच – जॉर्ज! का, तर मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला धन्याचं नाव लावायचं, ही जुनी रीत. गुलामगिरी कायद्याने १८६५ सालीच संपली होती, हाक मात्र राहिली. आईबापांनी ठेवलेलं नाव फलाटावर सोडून गाडीत चढायचं!

१९२५ साली या पोर्टरांनी आपली स्वतःची युनियन काढली. पुढारी केला ए. फिलिप रँडॉल्फ. हा गडी पोर्टर नव्हता, म्हणजे कंपनीला त्याला कामावरून काढता येईना. (हुशारी बघा!) बारा वर्षं झुंजले, आणि १९३७ साली कंपनीला करारावर सही करावी लागली.

ही नाती आमच्या मुलखाला नवी नाहीत. जोतीराव फुल्यांनी याच पुण्यात राहून १८७३ साली 'गुलामगिरी' काढली, ती अर्पण केली अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात 'हरिजन' हे नाव कायद्यात घालू लागले, तेव्हा ज्यांना ते चिकटवायचं होतं त्यांचं 'नको' कुणी ऐकेना. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी सभागृह सोडून बाहेर पडले. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विद्वान पुढारी डु बॉइस यांना पत्र लिहून युनोकडे गेलेल्या त्यांच्या अर्जाच्या प्रती मागितल्या.

आता घरचं बोलू, कडू लागलं तरी. गिरणीच्या विणकाम खात्यात पगार जादा, पण तिथं अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याच्या तोंडाचा विटाळ सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी बजावलं, ही बंदी उठवायची मागणी घाला, नाहीतर आमची माणसं संपात येणार नाहीत. पुढाऱ्यांनी नाइलाजाने घातली. तेव्हा मालक उलटून म्हणाले, हा अन्याय आम्ही थोडाच केलाय? मालकाच्या तोंडून खरं ऐकायची वेळ आपल्यावर आपणच आणली.

आज खात्याखात्यांत कंत्राटी पोरं आहेत. त्यांना नावाने कोण हाक मारतं? "ए कंत्राटी!" जॉबर म्हणतो, आणि कायम कामगारही म्हणतो. कराराचा मसुदा इंग्रजीत येतो, त्यांना कुणी वाचून दाखवत नाही. त्यांच्या वतीने ठरवायला मात्र आम्ही तयार! दिल्लीकडे स्वयंनिर्णय मागायचा आणि शेजारच्या साच्यावरच्या माणसाला द्यायचा नाही, हे चालायचं नाही.

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. कंत्राटी कामगाराला युनियनचं सभासदत्व आणि मत द्या. त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या, आम्ही नावं सुचवायची नाहीत. आणि मसुदा मराठीत हातात पडून सभेत मोठ्याने वाचला जाईपर्यंत कुणीही त्यावर सही करू नये, अंगठाही नाही.