यादीबाहेरची घरे

आगमनकाळ सुरू झाला. वसईच्या धर्मग्रामांत (पॅरिशांत) आता गोठ्यांसाठी पेंढा आणि बांबू जमू लागतील, संध्याकाळच्या तालमींत पेटीचे सूर ऐकू येतील आणि नाताळ जवळ आला की गाणी म्हणणारी तरुण मंडळी घरोघर निघतील. घरोघर म्हणजे ख्रिस्ती घरोघर. त्यांच्या हाती समूहप्रमुखाने दिलेली यादी असते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारापुढे गायचे, वाटेतली बाकीची दारे मुकाट्याने ओलांडायची आणि पुढची इमारत गाठायची. यात कोणाच्या मनात दुजाभाव नसतो. यादीच तशी केलेली असते आणि ती का तशी केली, हे विचारण्याची वेळ सणाच्या धांदलीत कोणावर येत नाही. आम्हाला तो प्रश्न सणाच्या तोंडावरच विचारावासा वाटतो.

कॅथलिक धर्मसभेच्या कायद्यानुसार धर्मग्राम हा सर्वसाधारणपणे भूभागावर ठरतो. अमुक रस्त्यापासून तमुक खाडीपर्यंत, असा. वसईतल्या कित्येक धर्मग्रामांची शीव केळीच्या, पानवेलीच्या आणि मोगऱ्याच्या वाड्यांतून आखली गेली, तेव्हा त्या शिवेच्या आत कोण राहते हे सांगायला यादी लागत नव्हती. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी, रानाकडचे वारली आणि कातकरी, सारे एकमेकांना घराण्यानिशी ओळखत. मग 1980 नंतर इमारती आल्या. 2009 मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महापालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. शीव जिथल्या तिथे राहिली, आतली माणसे बदलली. धर्मग्रामाच्या दप्तरात बाप्तिस्मा, लग्न आणि मरण यांची नोंद चोख आहे. चर्चच्या कुंपणाला लागून असलेल्या इमारतीत कोण राहते, याची नोंद कुठेच नाही.

गंमत अशी की उलट दिशेची ओळख मात्र जुनी आणि पक्की आहे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला लागणाऱ्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसे असतात. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे वाहणाऱ्यांत तर कोण कोणत्या धर्माचा हे शोधू जाल तर हसे होईल. शेजारपाजार चर्चकडे नवस बोलतो, आपले दुखणे सांगतो, मुलाच्या नोकरीसाठी मेणबत्ती लावतो. म्हणजे शेजाऱ्याच्या घरात काय चालले आहे हे आपल्या वेदीसमोर वर्षानुवर्षे सांगितले जात आहे. ते ऐकायला धर्मग्रामाचा मात्र कोणी तिथे उभा नसतो. मेणबत्त्यांच्या पेटीची व्यवस्था असते, गर्दीच्या रांगेची असते, वाहनतळाची असते. दर बुधवारी येणाऱ्या बाईंना ‘तुम्ही कुठे राहता’ असे विचारणारा नसतो.

शेजाऱ्याशी ओळख नसण्याचे एक कारण भिंतीत आहे आणि ती भिंत कॅथलिकांपुरती नाही. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या बऱ्याच अंशी मिशन कंपाउंडात वाढल्या. शाळा, दवाखाना, चर्च, पाळकाचे घर, शिक्षकांची घरे, सारे एका फाटकाच्या आत. नव्या ख्रिस्ती माणसाला गावाने टाकले, तेव्हा त्या कंपाउंडाने आसरा दिला, हे विसरून चालणार नाही. पण आसऱ्याची सवय झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ती फार लवकर खुपली. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले, कीर्तनाचा बाज ख्रिस्ती उपासनेत रुजवला आणि अखेरीस 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून देवाचा दरबार उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांनी टिळक गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. भिंतीला खिंडार पाडायचे असेल तर बाहेरून माणसे आणण्यापेक्षा आतल्यांनी बाहेर जायला हवे, हे त्यांनी ओळखले होते. आम्हाला टिळकांचे हे अपुरे काम त्यांच्या पुष्कळ पुऱ्या कामांहून मोठे वाटते.

दुसरे कारण आजचे आहे आणि ते आडून बोलण्यात अर्थ नाही. चर्चचा माणूस अनोळखी दारावर गेला की धर्मांतराचा संशय येतो. कधी तो बोलून दाखवला जातो, कधी पोलिसांपर्यंत जातो. त्यामुळे सज्जन भाविकही म्हणतात, कशाला ती कटकट? आपण भले, आपली मिस्सा भली. ही भीती खोटी नाही. परंतु ज्याला शेजारी ओळखत नाहीत, त्याच्याविषयीच अफवा लवकर पिकते, हेही तितकेच खरे आहे. दार न ठोठावल्याने संशय कमी झाल्याचे कुठे दिसलेले नाही.

दाराबाहेर पडल्याने काय होते, याचे उदाहरण शोधायला वसईकरांना लांब जाण्याची गरज नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस टँकर इथल्या विहिरींचे पाणी उपसून नव्या इमारतींना नेऊ लागले आणि वाड्यांच्या जमिनी बिगरशेती होऊ लागल्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली उभे राहिले. ती चळवळ चर्चच्या आवारातल्या प्रवचनातून उभी राहिली असती तर आवारातच संपली असती. पण विहीर कोणाची आटली हे विचारत गेले की धर्म विचारावा लागत नाही. पाण्याची पातळी ख्रिस्ती वाडीत आणि हिंदू वाडीत वेगळी नसते. सभांना, मोर्चांना सगळ्या समाजांची माणसे आली. दिब्रिटोंना धमक्या आल्या तेव्हा ती फक्त ख्रिस्ती समाजाची काळजी राहिली नाही. पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा बाहेर बराच गदारोळ झाला. वसईत मात्र त्यांची ओळख करून देण्याची कोणाला गरज पडली नाही, कारण ती विहिरीच्या काठावर आधीच झालेली होती. जुलै 2024 मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने व्याख्यानमाला वगैरे होतील, व्हाव्यातही. आज कोणाची विहीर आटते आहे, पावसात कोणत्या तळमजल्यात पाणी शिरते, याची चौकशी करणारा माणूस मात्र व्याख्यानमालेतून निघेलच असे नाही.

शेजार कधी कधी घरातच असतो. बेल्जियमहून आलेल्या धर्मभगिनी जीन डेव्होस यांनी 1985 मध्ये मुंबईत घरकामगारांची चळवळ सुरू केली. झारखंड-छत्तीसगडकडून आलेल्या आदिवासी मुली मुंबईतल्या घरांत राबतात आणि त्यांतल्या अनेक कॅथलिक असतात. म्हणजे रविवारी मालकीणबाई पुढच्या बाकावर आणि त्यांच्या स्वयंपाकघरातली मुलगी मागच्या बाकावर, एकाच मिस्सेला. तिचे गाव कोणते, पगार हातात पडतो की नाही, सुट्टी असते का, हे विचारायला रस्ता ओलांडावा लागत नाही. तरी ते विचारले जायला चळवळ लागली.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली एक हकिगत इथे सांगण्याजोगी आहे. माइक मॅथर हे मेथडिस्ट पाळक साउथ बेंड शहरात होते. त्यांच्या चर्चमध्ये गरजूंना धान्य मिळे आणि त्यासाठी एक फॉर्म भरावा लागे. उत्पन्न किती, कर्ज किती, अडचण काय, असे सगळे प्रश्न. देवाचा आत्मा सर्वांवर उतरला असे पेंटेकॉस्टच्या सणाला म्हणायचे आणि सोमवारी त्याच माणसांना ‘तुम्ही किती गरीब’ एवढेच विचारायचे, यातली विसंगती कोणीतरी दाखवून दिली. फॉर्म बदलला. तुम्हाला काय चांगले येते, असा प्रश्न आला. एका बाईने लिहिले, स्वयंपाक. करून दाखवा म्हटले, तिने दाखवला. चर्चमधल्या जेवणावळी तिच्याकडे आल्या आणि पुढे तिने स्वतःचे उपाहारगृह काढले. मॅथर नंतर इंडियानापोलिसला गेले. तिथल्या चर्चने डिअमॉन हार्जेस या माणसाला एकच काम दिले: गल्लोगल्ली फिरायचे आणि लोकांचे ऐकायचे. त्याला एकमेकांना न ओळखणारे, पण बागकामाची आवड असलेले कितीतरी शेजारी आढळले. त्यांना त्याने एकत्र जेवायला बसवले. त्या चर्चने पुढे आपले धान्यवाटपच बंद केले, हे वाचून आमच्याकडच्या कोणत्याही सेवाभावी मंडळाला धक्का बसेल. आम्हालाही बसला. सगळ्यांनी तेच करावे असे आम्ही म्हणणार नाही, कारण कातकरी पाड्यावर पावसाळ्यात धान्य लागतेच. परंतु आपण पिशवी घेऊन जातो तेव्हा समोरच्याला फक्त हात पुढे करता येतो. त्याचे नाव, कसब आणि मत पिशवीमागे दडून जाते.

आपल्याकडे सुरुवात कुठून करावी? फॉर्म छापून सर्वेक्षण करू नये. सध्याच्या हवेत तर मुळीच नाही. चर्चकडे एक वाट आधीपासून तयार आहे आणि ती म्हणजे त्याची शाळा. वसई-मुंबईतल्या ख्रिस्ती शाळांत सगळ्या जातिधर्मांची मुले शिकतात. त्यांचे आईबाप वर्षातून अनेकदा त्याच आवारात येतात, गुणपत्रिका घेतात, फी भरतात, परत जातात. त्यांच्याशी दुसरे काही बोलणे होत नाही. रिक्षा चालवणारा बाप, कारखान्यात रात्रपाळी करणारी आई, यांना वस्तीतले जे माहीत असते ते धर्मग्रामाला सल्ला देणाऱ्या कोणत्याही पालकीय परिषदेला माहीत नसते. अंगणवाडी सेविका आहेत, दवाखान्यातले कंपाउंडर आहेत, नाक्यावरचा चहावाला आहे. त्यांच्याकडे जाताना पत्रक नको, भेटवस्तू नको. आम्ही अमुक चर्चचे, इथेच राहतो, तुमची वस्ती समजून घ्यायची आहे, एवढे उघड सांगावे. कोणी दार लावले तर रागावू नये. शेजारी कोण, यावर आपल्याकडे चांगल्या समरितनाच्या दाखल्यातून दर वर्षी प्रवचन होते. शेजाऱ्याचे नाव काय, हा त्याहून सोपा प्रश्न आहे आणि तो राहून गेला आहे.

आणि हे काम धर्मगुरूंवर टाकू नये. त्यांची काही वर्षांनी बदली होते आणि केलेल्या ओळखी त्यांच्याबरोबर जातात. भाविक तिथेच राहणार असतात. तेव्हा जानेवारीपासून पालकीय परिषदेच्या प्रत्येक बैठकीत जमाखर्चाच्या आधी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. गेल्या महिन्यात कोण कोणाला भेटले, काय ऐकले, एवढेच प्रत्येकाने सांगावे. पहिल्या दोन-तीन बैठकांत बहुतेक जण गप्प बसतील आणि खजिनदार घड्याळाकडे पाहतील. पाहू द्यावे.