नारू गेला तो कशाने?

(द्वितीय वर्ष, कला)

यंदा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही साक्री तालुक्यातल्या एका गावाबाहेरची जुनी पायविहीर साफ केली. घरी गेल्यावर मोठ्या अभिमानाने मी ते आजीला सांगितले. मला वाटले, ती पाठीवरून हात फिरवील. तिने दळण निवडता निवडता हात थांबवला आणि घाबऱ्या आवाजात विचारले, "पायऱ्या आजून उघड्या शेतस का?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला कळला नाही. तेव्हा तिने लुगड्याचा काठ वर केला आणि उजव्या घोट्यावरचा काळसर वण दाखवला. लहानपणी आम्ही या वणाबद्दल विचारले की ती तो झाकून घेई. या वेळी प्रथमच तिने नाव घेतले : नारू.

आमच्या पिढीतल्या बहुतेकांना हा शब्दच ठाऊक नाही, म्हणून थोडे सांगतो. नारू हा शेवईसारखा बारीक, दोन-तीन फूट लांब कृमी. साचलेल्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लॉप्स नावाचे जलकीटक असतात. नारूची पिल्ले त्यांच्या पोटात वाढतात आणि असे पाणी न गाळता प्यायले की माणसाच्या शरीरात शिरतात. मग सुमारे वर्षभर काही कळत नाही. वर्षाने पायावर फोड येतो, आग होते, फोड फुटून कृमीचे तोंड बाहेर दिसते. आग शमावी म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच क्षणी मादी हजारो पिल्ले पाण्यात सोडते. म्हणजे पायविहिरीच्या पायऱ्या उतरून जो घागर भरतो, त्याच्या दुखऱ्या पायातूनच साऱ्या गावाला रोग मिळतो. कृमी काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचा, एवढाच उपाय. तो मध्येच तुटला तर पाय सुजून पिकतो. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही, असेही नाही.

आजी चौथीत होती तेव्हा तिच्या वडिलांना ऐन ज्येष्ठात नारू निघाला. मृगाचा पाऊस पडला, शेजाऱ्यांची पेरणी झाली आणि हे खाटेवर. गाव म्हणाले, देवीचा कोप आहे. कोणी म्हणाले, मागच्या जन्मीचे पाप आहे. सांगायला सगळे आले, पण पाण्याची घागर भरून द्यायला कोणी आले नाही. आजीची शाळा सुटली ती तेव्हा. पाणी भरणे, निंदणी, धाकटी भावंडे, सारे तिच्यावर आले. पाटी पुन्हा हाती आली नाही. आज ती बँकेत अंगठा लावते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. ही पायरी आजीपासून त्या पायविहिरीने हिरावली होती, असे मला आता वाटते.

ही हकीकत मी वर्गात सांगितली तेव्हा एक मित्र म्हणाला, "बरे झाले, इंजेक्शन निघाले आणि रोग गेला." बहुतेकांचा हाच समज असतो. पण तो खरा नाही. नारूवर रोग बरा करणारे औषध तेव्हा नव्हते, आजही नाही. लसही नाही. तरीसुद्धा तो आपल्या देशातून गेला. 1983-84 मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रासह 7 राज्यांत, 12 हजारांहून अधिक गावांत मिळून सुमारे 40 हजार रुग्ण होते. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. यासाठी हत्यारे कोणती होती? पाणी गाळायचे फडके, पायऱ्या बुजवून विहिरीवर बसवलेली कप्पी, हातपंप, पाण्यात सोडायचे टेमेफॉस हे कीटकनाशक आणि घरोघर फिरून "कोणाच्या पायाला फोड आहे का?" असे विचारणारी माणसे.

हा रोग केवळ आपल्याच वाट्याला आला होता असेही नाही. आफ्रिकेतल्या नायजेरियात, हौसा भाषा बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या गावांत, याच कृमीला 'कुरकुनू' म्हणत. त्या देशात 1988-89 च्या पाहणीत साडेसहा लाखांवर रुग्ण सापडले. तिथेही डबक्याचे पाणी, तिथेही ऐन हंगामात आडवा झालेला शेतकरी. मालीमधले डोगोन लोक तर याला 'रिकाम्या कणगीचा रोग' म्हणतात. आजीला मी हे नाव सांगितले तेव्हा तिने नुसती मान हलवली. नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल याकुबू गोवोन 1999 पासून या कामासाठी गावोगाव हिंडले. 2008 नंतर तिथे रुग्ण नाही आणि 2013 मध्ये तो देशही मुक्त ठरला. 1986 साली जगात अंदाजे 35 लाख रुग्ण होते, ते 2024 साली 15 वर आले. चाडसारख्या देशांत कुत्र्यांमध्ये हा कृमी अजून सापडतो, म्हणून लढा पूर्ण संपलेला नाही.

आता माझ्या मनातला मुद्दा मांडतो. नारू थांबवायचा तर रोग्याला सांगावे लागते, "तू पाण्यात उतरू नकोस." आपल्या देशात हे वाक्य नवे आहे काय? पाणवठ्यावर येऊ नको, असे माणसांनी माणसांना शतकानुशतके सांगितले. त्याविरुद्ध 1927 साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना करावा लागला. मग आरोग्यसेवकाचे वाक्य आणि बहिष्काराचे वाक्य यांत फरक कोणता? फरक एका घागरीचा आहे. येऊ नको म्हणून जो थांबतो, तो बहिष्कार घालतो. येऊ नको, मी तुझे पाणी आणून देतो, असे जो म्हणतो, तो रोग घालवतो.

आजीच्या वणाची गोष्टही इथेच पूर्ण होते. तिला स्वतःला नारू निघाला तो लग्नानंतर, माझे मोठे काका रांगत होते तेव्हा. तोवर आरोग्यसेवक गावात फडकी वाटून गेला होता. शेजारची एक बाई, आमच्या जातीची नव्हे, दारात येऊन म्हणाली, "तू पानीमा पाय घालू नको, मी पानी भरी देस." कृमी पूर्ण निघेपर्यंत, जवळजवळ महिनाभर, तिने रोज दोन हंडे आणून ठेवले. सासूने आधी नाक मुरडले, पण पाणी वापरले. त्या बाईचे नाव कुठल्याही अहवालात नसेल. माझ्या मते नारूचे निर्मूलन तिने केले.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. रोग म्हटला की ते विज्ञानवाल्यांचे काम, असे आपण समजतो. पण सायक्लॉप्स प्रयोगशाळेत ओळखला गेला तरी 'कोप नाही, पाण्यातला किडा आहे' हे आजीला अहिराणीतच पटले. सातपुड्यात ते कोणीतरी भिली-पावरीत पटवले असणार. औषध नसलेला रोग शब्दांनी आणि शेजारधर्माने जातो, याहून मोठा धडा भाषेच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोणता हवा?

म्हणून माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत असे वण अंगावर वागवणारी माणसे अजून आहेत. पुढील वर्षी शिबिरात फावड्यांबरोबर वह्याही न्याव्यात आणि त्यांच्या हकीकती त्यांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात. ही माणसे गेली की उरतील फक्त आकडे, आणि नारू इंजेक्शनने गेला असेच पुढची मुले समजतील.

राहिला आजीचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाऊन पाहिले. त्या विहिरीच्या खालच्या पायऱ्या दगड-सिमेंटने बुजवलेल्या आहेत. आम्ही त्यांच्यावरचे शेवाळ खरवडले होते, पण तिथे भिंत का आहे हे एकानेही विचारले नव्हते. घरी येऊन सांगितले, "बुजेल शेतस." मग तिने दळणाचे सूप पुन्हा पुढे ओढले.